सूर सापडेपर्यंत

इटलीच्या नकाशातल्या बुटाची टाच म्हणजे सालेन्तो. तंबाखू, गहू, ऑलिव्ह आणि त्यांत दिवसभर राबणाऱ्या बाया. जूनमध्ये, कापणीच्या दिवसांत, त्यांतली एखादी अचानक अंथरूण धरी. बोलणं बंद, अन्न नको, अंगात त्राण नाही. हिला ‘तारान्ता’ चावली, असं घरचे म्हणत. तारान्ता म्हणजे कोळी. पण नुसता किडा नव्हे, अंगात शिरून माणसाला नाचवणारी शक्ती. तिच्यावर उतारा म्हणून वाजंत्र्यांना सांगावा जाई. गरीब घराला त्यांची बिदागी जड जायची, तरी ती दिली जाई.

1959च्या उन्हाळ्यात धर्मेतिहासाचे अभ्यासक एर्नेस्तो दे मार्तिनो एक मानसोपचारतज्ज्ञ, संगीताभ्यासक दिएगो कार्पितेल्ला आणि छायाचित्रकार फ्रांको पिन्ना यांना घेऊन तिथे गेले. नार्दो गावात त्यांनी एका घरातला उपचार जवळून पाहिला. जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली, त्यावर आजारी स्त्री. भोवती व्हायोलिन, खंजिरी, गिटार आणि छोटा अ‍ॅकॉर्डियन. आधी ती उताणी पडून डोकं या बाजूवरून त्या बाजूला टाकत राहते, मग सरपटते. डोळे मिटलेले, पण हालचाल खंजिरीचा ठेका सोडत नाही. पुढे ती उठते, चादरीच्या कडेकडेनं गोल धावते, उड्या मारते आणि कोसळते. क्षणभर विसावा, पुन्हा पहिल्यापासून. हे दिवस-दिवस चाले.

व्हायोलिन वाजवत होते लुइजी स्तिफानी. पेशानं न्हावी. या सगळ्या व्यवहाराचं मर्म मला त्यांच्या कामात दिसतं. कोळी निरनिराळ्या स्वभावांचे आणि रंगांचे असतात, अशी तिथली समजूत. म्हणून वादक एकामागून एक चाली वाजवून बघत. अंग हललं नाही की चाल बदलायची. बोट हललं की तीच चाल धरून ठेवायची. रंगीत फिती दाखवून कोळ्याचा रंगही असाच शोधत. आजाराचं निदान आणि उपचार दोन्ही एकाच हातांत होते.

विषाचं काय? त्या भागात विषारी कोळी आहेत आणि त्यांच्या दंशानं खरोखर कळा येतात. पण दे मार्तिनोंना दिसलं ते निराळं होतं. त्रास दरवर्षी त्याच सुमारास उलटे, बहुतेक रुग्ण स्त्रिया असत, पहिला झटका पुष्कळदा वयात येताना बसलेला असे. नकोसं लग्न, मोडलेलं प्रेम, घरातला मृत्यू, असं काही ना काही त्यामागे असायचं. जे बोलायची सोय नव्हती, त्याला कोळ्याच्या नावानं वाट मिळत होती. याला ढोंग म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मग यात संगीत नेमकं काय करत होतं? ढोलाच्या ठेक्यानं मेंदूवर आपोआप परिणाम होतो, हा समज फ्रेंच अभ्यासक जिल्बेर रूजे यांनी 1980च्या आपल्या ग्रंथात खोडून काढला. तसं असतं तर वाजवणाऱ्याच्याच अंगात आधी आलं असतं! अठराव्या शतकात रूसोनंही लिहिलं होतं की, तारान्ता चावलेल्याला त्याच्या ओळखीची चाल आणि त्याला कळणारे शब्दच बरे करतात.

संगीत नसेल तर काय होतं, याचा पुरावा सालेन्तोतल्याच गालातिना गावात मिळाला. माल्टात विषारी साप डसूनही संत पॉलला काही झालं नाही, म्हणून तो दंशितांचा त्राता. 29 जूनला, त्याच्या सणाला, रुग्ण त्याच्या तिथल्या छोट्या प्रार्थनामंदिरात येत. चर्चनं कोळ्याला संताच्या ताब्यात दिलं होतं, पण देवळात वाद्यं नव्हती. घरी ज्या हालचालींना ताल आणि क्रम होता, त्यांचं इथे नुसतं किंचाळणं, आपटणं, वेदीवर चढणं उरलं होतं. संगीत काढून घेतल्यावर दुखणं तेवढं मागे राहिलं, असं दे मार्तिनोंनी टिपलं आहे.

स्तिफानी 2000 साली वारले. आपण ज्यांच्यासाठी वाजवलं त्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी वहीत लिहून ठेवल्या होत्या. उपचार आता थांबले आहेत. पण उपचारातल्या त्याच चालींवर, म्हणजे ‘पित्सिका’वर, 1998पासून सालेन्तोतल्या मेल्पिन्यानोत ऑगस्टमध्ये मोठा महोत्सव भरतो आणि हजारो लोक रात्रभर नाचतात.