परिचारिकांचे इंग्रजी : प्रश्न व्याकरणाचा नाही, विचारण्याचा

रुग्णालयाची पायरी चढल्यावर रुग्णाची पहिली सविस्तर गाठ पडते ती बहुधा परिचारिकेशी. डॉक्टर तपासतात, निदान करतात. पण त्रास कधीपासून आहे, घरी कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे का, शेवटचे केव्हा खाल्ले, या साऱ्याची नोंद तीच करते. महाराष्ट्रातील शहरी रुग्णालयांत या नोंदीची एक अडचण असते. रुग्ण मराठीत किंवा हिंदीत बोलतो आणि केसपेपरवर मात्र इंग्रजी उतरते. ऐकणे आणि लिहिणे यांच्यामध्ये भाषांतराची एक पायरी येते, आणि ती पायरी परिचारिकेला कोणाच्याही मदतीवाचून चढावी लागते.

समजा, साठीच्या एका गृहस्थांना रात्री दाखल केले आहे. ते म्हणतात, "सिस्टर, जीव घाबरा होतोय." नवशिकी परिचारिका शब्दाला शब्द लावून 'पेशंट इज अफ्रेड' असे लिहून मोकळी होईल. ते वाचणाऱ्या डॉक्टरांची समजूत होईल की, रुग्ण भित्रा आहे. परंतु मराठी माणूस जीव घाबरा होतो असे म्हणतो, तेव्हा त्याला छातीत धडधडत असेल, दरदरून घाम फुटला असेल, श्वास पुरत नसेल. हृदयविकाराच्या झटक्याचीही ही लक्षणे असू शकतात. इंग्रजी वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण ते रुग्णाला घातक ठरू शकते.

एका शब्दाची किंमत

अशी चूक कोठवर जाऊ शकते, याचे वैद्यकीय भाषांतराच्या क्षेत्रात नेहमी दिले जाणारे उदाहरण अमेरिकेतील आहे. १९८० मध्ये फ्लोरिडा राज्यात १८ वर्षांच्या एका क्युबन तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणण्यात आले. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये 'इन्टॉक्सिकादो' हा शब्द वापरला. क्युबन बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काही बाधले असा होतो. रुग्णालयात तो इंग्रजी 'इन्टॉक्सिकेटेड' या शब्दासारखा, म्हणजे नशेच्या अर्थाने घेतला गेला आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. ते ध्यानात येईपर्यंत वेळ निघून गेली आणि त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे झालेल्या दाव्यातील तडजोडीची रक्कम सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरच्या घरात गेली.

दोन्ही बाजूंना आपण एकमेकांचे नीट समजलो असेच वाटत होते. दुभाषा बोलवावा, अशी शंकाही कोणाला आली नाही. न समजलेला शब्द माणूस पुन्हा विचारतो; चुकीचा समजलेला शब्द मात्र तो विचारत नाही.

तीन भाषांचा वॉर्ड

भारतात परिचारिकांचे शिक्षण इंग्रजीतून होते. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये सुधारलेल्या बी. एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात संवादात्मक इंग्रजी हा विषय आहे. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी माध्यमातून शिकून आलेल्या मुलीला अडचण येते ती पाठ्यपुस्तकातील इंग्रजीची नव्हे, तर खाटेशेजारच्या इंग्रजीची. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत केरळमधून आणि ईशान्येकडील राज्यांतून आलेल्या परिचारिकाही मोठ्या संख्येने आहेत. त्यांना मराठी नवी असते. शिवाय पश्चिम आशिया व आफ्रिकेतून उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांशी इंग्रजीतच बोलावे लागते आणि त्यांच्यापैकी अनेकांनाही ही भाषा परकीच असते. अशा वेळी उपयोगी पडते ते साधे, छोट्या वाक्यांचे आणि एका वेळी एकच प्रश्न विचारणारे इंग्रजी.

'आर यू हायपरटेन्सिव्ह?' या प्रश्नाला अनेक रुग्ण, आपण फार ताण घेतो का असे विचारले आहे, असे समजून उत्तर देतात. 'डू यू हॅव बीपी?' हा आपल्याकडचा प्रयोग तर परदेशी रुग्णाला बुचकळ्यातच टाकतो, कारण रक्तदाब प्रत्येकालाच असतो. 'हॅज एनी डॉक्टर टोल्ड यू दॅट यू हॅव हाय ब्लड प्रेशर?' हे वाक्य लांब असले, तरी त्याचे उत्तर भरवशाचे मिळते.

'हो' म्हणजे नक्की काय?

दाखल करून घेताना सर्वांत धोक्याचा प्रश्न नकारार्थी असतो. "तुम्हाला कशाची ॲलर्जी नाही ना?" असे मराठीत विचारले आणि रुग्ण "हो" म्हणाला, तर त्याचा अर्थ बहुधा 'हो, नाही' असा असतो. मराठीतला 'हो' प्रश्नकर्त्याच्या विधानाला दुजोरा देतो. इंग्रजीत मात्र 'यस' म्हणजे ॲलर्जी आहे आणि 'नो' म्हणजे नाही. हीच रचना 'यू डोन्ट हॅव एनी ॲलर्जी, नो?' अशी इंग्रजीत आली की, प्रश्न मराठी वळणाचा, उत्तर इंग्रजी वळणाचे, आणि पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्या रुग्णाच्या कागदावर 'नाही' असा शेरा, असा घोळ सहज होऊ शकतो. उपाय सोपा आहे : प्रश्न नेहमी होकारार्थी विचारावा, 'डू यू हॅव एनी ॲलर्जीज?' उत्तर 'यस' आले तर लगेच, कशाची आणि तेव्हा नेमके काय झाले होते, हेही विचारावे. अंगावर पित्त उठणे वेगळे आणि औषधाने पोटात मळमळणे वेगळे.

रुग्णाची ओळख पटवतानाही हेच पथ्य पाळावे लागते. 'आर यू मिस्टर पाटील?' या प्रश्नाला ऐकू कमी येणारा किंवा घाबरलेला माणूस सहज मान डोलावतो. त्यात वॉर्डात पाटील दोन असले तर पाहायलाच नको. म्हणून पूर्ण नाव आणि जन्मतारीख रुग्णाच्या तोंडूनच वदवून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेसाठी सुचवलेल्या नऊ उपायांत रुग्णाची अचूक ओळख आणि पाळी बदलताना होणारा संवाद या दोहोंचा समावेश आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही १८६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नांबद्दल परिचारिकांना सावध केले होते. झोप चांगली लागली का, असे न विचारता किती तास आणि रात्रीच्या कोणत्या वेळी लागली, असे विचारावे, असा त्यांचा आग्रह होता.

आदर कोठे राहतो?

'सिट हिअर.' 'रिमूव्ह युअर शर्ट.' 'गिव्ह युअर हँड.' ही वाक्ये ऐकून इंग्रजी भाषक रुग्णाला परिचारिका उद्धट वाटते आणि तिला बिचारीला आपले काय चुकले तेच कळत नाही. चूक तिच्या स्वभावाची नसून भाषांतराची आहे. मराठीत आदर क्रियापदातच असतो. 'बस' आणि 'बसा' यांतला फरक एका कान्याचा, पण त्यात सगळे आले. इंग्रजी क्रियापदाला असा कानाच नाही. तेथे आदर दाखवायचा तो आज्ञेचा प्रश्न करून : 'वुड यू लाइक टु सिट डाऊन?', 'कुड यू टेक ऑफ युअर शर्ट, प्लीज?'

संबोधनाचेही तसेच. आजी, काका, मावशी या हाकांनी मराठी रुग्णाला धीर येतो. इंग्रजी वॉर्डात 'अंकल' आणि 'आंटी' चालत नाहीत. तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, असे विचारण्याची तेथे रीत आहे. त्याआधी परिचारिकेने स्वतःचे नाव सांगायचे असते. ही साधी गोष्टही राहून जाते, हे ब्रिटनमधील डॉक्टर केट ग्रेंजर यांना स्वतः कर्करोगाच्या रुग्ण म्हणून खाटेवर पडल्यावर जाणवले. २०१३ मध्ये त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ती देशभर पसरली होती.

दुखण्याचे शब्द

वेदनेसाठी मराठीत शब्दांची श्रीमंती आहे. डोके ठणकते, पाठीत चमक मारते, पोटात मुरडा येतो, छातीत जळजळते, अंग नुसतेच कणकणते. या साऱ्यांवर 'पेन' एवढा एकच शब्द लिहिला की, निदानाला उपयोगी पडणारा तपशील पुसला जातो. ठणका म्हणजे थ्रॉबिंग, चमक म्हणजे शूटिंग, मुरडा म्हणजे क्रॅम्पिंग, जळजळ म्हणजे बर्निंग, कणकण म्हणजे फीव्हरिश, अशी जोडी प्रत्येक मराठी परिचारिकेच्या जिभेवर हवी. 'चक्कर' या शब्दापाशी थांबून खोली गरगरते की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे विचारायला हवे, कारण दोहोंची कारणे वेगळी असू शकतात. आणि 'परवापासून' दुखते म्हणणाऱ्याकडून वार वदवून घ्यावा. मराठीत 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. शिवाय बोलण्याच्या ओघात तो 'अलीकडे' याही अर्थाने येतो.

वेदनेची चौकशी करताना काही सुटू नये म्हणून इंग्रजीत 'सॉक्रेटिस' हे नाव लक्षात ठेवायला शिकवतात. त्याच्या एकेका अक्षरातून दुखण्याची जागा, सुरुवात, प्रकार, ते कोठे पसरते, सोबतची लक्षणे, कालावधी, कशाने वाढते-कमी होते आणि तीव्रता, असे आठ प्रश्न निघतात. अर्थात सर्वांत आधी रुग्णाला त्याच्या शब्दांत बोलू द्यावे. शंका असेल तेथे त्याचा मूळ शब्द अवतरणात लिहून पुढे लक्षणे नोंदवावीत. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या बाबतीत 'जीव घाबरा होतो' हे शब्द आणि त्यापुढे धडधड, घाम, श्वास यांची नोंद, एवढे केले की गैरसमजाला जागा उरत नाही. आणि अशी लक्षणे दिसताच उरलेला फॉर्म बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलावणे, हे पहिले काम.

परदेशातील परीक्षा

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांसाठी इंग्रजीची परीक्षा हा मोठा टप्पा असतो. 'आयईएल्टीएस'बरोबरच 'ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट' ही खास आरोग्यसेवकांसाठीची परीक्षा तेथे ग्राह्य धरली जाते. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या अखेरीस मेलबर्न विद्यापीठातील टिम मॅक्नमारा यांच्या कामातून ती आकाराला आली. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेने ती २०१७ पासून स्वीकारली. तिच्या तोंडी भागात उमेदवाराला प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे दोन प्रसंग रंगवावे लागतात. त्यांत ती परिचारिका असते आणि समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक. लेखी भागात रुग्णाच्या टिपणांवरून पत्र तयार करायचे असते. २०१८ पासून या परीक्षेत उच्चार, ओघ आणि व्याकरण यांच्याबरोबरच रुग्णाशी नाते जोडणे, त्याची बाजू समजून घेणे, माहिती काढून घेणे आणि समजावून देणे यांनाही गुण आहेत. पाठ केलेले अस्खलित इंग्रजी तेथे पुरत नाही, ते यामुळेच.

तेथे पोहोचल्यावरही शिकणे संपत नाही. ब्रिटिश रुग्ण 'आय हॅव बीन सिक' म्हणाला तर तो आजारी होता असे नव्हे, तर त्याला उलटी झाली, असा अर्थ बहुधा असतो. 'वॉटरवर्क्स' म्हणजे पाणीपुरवठा नव्हे, लघवीचा त्रास. आपल्याकडचे 'मोशन' तेथे सहसा विचारत नाहीत. 'हॅव यू ओपन्ड युअर बॉवेल्स टुडे?' असे विचारतात. इंग्लंडच्या उत्तर भागात 'टी' म्हणजे अनेकदा संध्याकाळचे जेवण. शस्त्रक्रियेसाठी दाखल होणाऱ्या रुग्णाने 'आय हॅड माय टी ॲट सिक्स' असे सांगितले आणि परिचारिकेने सहा वाजता चहा घेतला असे लिहिले, तर पूर्ण जेवणाची नोंद राहून जाईल. भूल देण्यापूर्वी पोट रिकामे असण्याला किती महत्त्व असते, हे सांगायला नको.

ऐकलेले परत सांगणे

या सर्व अडचणींवर एक समान उपाय आहे, आणि त्याला मोठी शब्दसंपत्ती लागत नाही. ऐकलेले परत सांगावे. 'लेट मी चेक दॅट आय हॅव अंडरस्टुड यू' असे म्हणून दोन वाक्यांत सार सांगितले की, रुग्ण चूक तिथल्या तिथे दुरुस्त करतो. फोनवर डोस ऐकताना 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत गल्लत होते. तेथे 'वन फाइव्ह' असे सुटे आकडे उच्चारून, लिहून, पुन्हा वाचून दाखवावे. डॉक्टरांना कळवताना सद्य:स्थिती, पार्श्वभूमी, स्वतःचे मूल्यमापन आणि अपेक्षा असा चार पायऱ्यांचा 'एसबार' साचा वापरला, तर अडखळत्या इंग्रजीतही मुद्दा हरवत नाही. हा साचा मूळचा अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधला.

परिचर्या महाविद्यालयांनी निबंध आणि पत्रलेखनातला थोडा वेळ काढून विद्यार्थिनींना आळीपाळीने रुग्ण व परिचारिका बनवले, तर हे सारे वर्गातच अंगवळणी पडेल. रुग्णालयांनीही आपल्या भागातील रुग्णांच्या तोंडी येणाऱ्या शंभरएक शब्दांची मराठी-इंग्रजी यादी वॉर्डात लावली, तर खर्च कागदाचाच आहे. आपले इंग्रजी तोकडे आहे या संकोचाने जी परिचारिका पुन्हा विचारत नाही, तिच्यापेक्षा मोडक्या इंग्रजीत तीनदा विचारून खात्री करून घेणारी परिचारिका रुग्णाच्या दृष्टीने केव्हाही सुरक्षित. म्हणून 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' हे वाक्य तिने सर्वांत आधी आणि न लाजता म्हणायला शिकले पाहिजे.