मोबाइलवरचा डॉक्टर, परभणीतली गोळी (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात रुग्णालयातली परिहार सेवा (पॅलिएटिव्ह केअर), म्हणजे आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणारी सेवा, पाहिली. आता घरी परतलेल्या मुलाकडे वळू. परभणी जिल्ह्यातल्या पेडगावातलं एखादं घर धरा. (म्हणीतलं पेडगाव वेगळं, ते भीमेकाठचं.) मुलाचा कॅन्सर आता बरा होणार नाही, हे परळच्या टाटा रुग्णालयात सांगून झालंय. देवगिरी एक्सप्रेसमध्ये अख्खी रात्र काढून पुन्हा मुंबई गाठायची, तीही एका औषधाचा डोस ठरवून घ्यायला? व्हिडिओ कॉल खरा कामाला येतो तो इथे.

पडद्यावरून डॉक्टरांना दुखणं कसं कळतं? दोन वर्षांचं मूल 'दुखतंय' म्हणेलच असं नाही. म्हणून पाच गोष्टी पाहतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होतं का. प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण १०. 'ताई, मोबाइल जरा पायांकडे धरा, पाय पोटाशी घेतोय का बघू,' असं संभाषण चालतं. मोठ्या मुलाला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या चित्रावर बोट ठेवायला सांगतात. रात्री झटका आला, तर आईने त्या वेळी घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ सकाळच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. दम लागला तर उशा लावून बसवणं, चेहऱ्यावर पंख्याचा वारा येऊ देणं, मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं औषध चालू असेल तर पोट साफ होण्याचं औषध न चुकवणं, हे सगळं फोनवर नीट समजावता येतं.

एक अडचण मात्र यंत्राची नाही. गावाकडे फोन स्पीकरवर असतो, खोलीत आजी-आत्या-शेजारी असतात आणि पोरगं सगळं ऐकत असतं. चांगला डॉक्टर आधी विचारतो, 'आत्ता जवळ कोण कोण आहे?'

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. २०१० पासून इथे मुलांच्या परिहार सेवेचा प्रकल्प चालला, तोही केवळ मुंबईत नव्हे, तर जव्हारसारख्या आदिवासी भागात. २०१२ मध्ये राज्याचं धोरण आलं; त्याआधी असं धोरण होतं ते केरळचं. आता आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत परिहार सेवाही आहे आणि तिथले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून दूरच्या डॉक्टरांशी बोलू शकतात. कागदावर साखळी जुळलेली दिसते.

ती तुटते मॉर्फिनपाशी. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. अल्पवयीन रुग्णासोबत सज्ञान माणूस हवा, ही अट रास्तच. पण अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं दूरसल्ल्यातून लिहून द्यायला त्यांत मनाई आहे, आणि मॉर्फिन त्यांतच मोडतं. गैरवापराची भीती खोटी नाही. तरीही वेदनेने तळमळणाऱ्या पोराच्या घरी ही मनाई क्रूर वाटते, हे मी लपवणार नाही. याच औषधासाठी २०१४ मध्ये कायदा बदलून परवान्यांची किचकट पद्धत सोपी करण्यात आली होती. ज्या अफूपासून ते बनतं, तिचा सरकारी कारखाना शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमचला आहे. जगाचं चित्रही असंच आहे: 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०१७च्या अहवालानुसार दरवर्षी सुमारे २५ लाख मुलं गंभीर वेदना-यातना सोसत मरतात, त्यातली ९८ टक्क्यांहून अधिक विकसनशील देशांतली.

म्हणून पडद्यावरच्या डॉक्टरला पडद्याबाहेरचा जोडीदार लागतो. मुलाला प्रत्यक्ष तपासून चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर आणि मॉर्फिन ठेवणारं औषधालय परभणीत किंवा फार तर नांदेड-संभाजीनगरला हवं. मुंबईहून घरी निघण्याआधी आईवडिलांनी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: आमच्याकडे चिठ्ठी कोण देईल, गोळी कुठे मिळेल आणि रात्री दोनला दुखलं तर कुणाला फोन करायचा. उत्तर गुळमुळीत आलं, तर डिस्चार्जचा कागद हाती घेण्याची घाई करू नये.

पुढच्या आठवड्यात: आजारी मुलाची भावंडं.