पंचहौदची लग्नाची वही

मंडईकडून गुरुवार पेठेत शिरलं की पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा लागतो. पुणेकर त्याला नुसतं पंचहौद म्हणतात. चर्च १८८५ चं, मंडईची इमारत १८८६ ची. दोन्ही एकाच पिढीतली. मनोऱ्यात इंग्लंडमध्ये ओतलेल्या आठ घंटा आहेत. काउली फादर्स आणि वाँटेजच्या सिस्टर्स या इंग्लंडातल्या ख्रिस्ती धर्मसंघांनी इथलं मिशन वाढवलं. नेहेमिया गोरे, म्हणजे पूर्वाश्रमीचे बनारसचे नीळकंठशास्त्री, याच मंडळींतले.

पंचहौद म्हटलं की लोकांना आठवतो तो चहा. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनच्या बोलावण्यावरून टिळक, रानडे, गोखले आदी मंडळी तिथं जमली, चहा-बिस्किटं पुढं आली आणि गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. ख्रिस्त्यांकडच्या चहावरून ग्रामण्य माजलं, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, प्रायश्चित्तं झाली. चवीनं सांगण्याजोगी गोष्ट खरी. पण अशा चर्चमधली जी यादी मला मोलाची वाटते ती वर्तमानपत्रातली नव्हे, विवाह नोंदवहीतली.

ही वही मूळची इंग्लंडातल्या खेड्यांची. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलनं हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. पुढं चोरून लग्नं फार होऊ लागली, वारसाहक्काचे तंटे वाढले, तेव्हा १७५४ पासून वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या सक्तीच्या झाल्या. सही येत नसेल त्यानं फुली मारायची. लग्नाआधी तीन रविवारी भर उपासनेत दोघांची नावं वाचून कुणाची हरकत आहे का, हेही विचारलं जाई. १८३७ मध्ये छापील रकाने आले: तारीख, नाव, वय, अविवाहित की विधुर-विधवा, धंदा, राहण्याचं ठिकाण, बापाचं नाव आणि त्याचा धंदा. सुतार, शेतमजूर, मोलकरीण अशा माणसांची एरवी कुठंच न उरणारी खूण त्या रकान्यांत उरली.

तोच नमुना थोड्या फरकानं १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही घेतला गेला. बिशपांचा खास परवाना नसेल तर लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लावायचं, असं त्यात कलम होतं. घटिकापात्राकडे डोळे लावून बसणाऱ्या पुण्यात सरकारनं घातलेला हा मुहूर्तच म्हणायचा. दोन साक्षीदार हवेत, पाद्र्यानं नोंद करून सही करायची आणि दर तिमाहीला नकला वर पाठवायच्या. मुंबई इलाख्यातल्या अशा नकला पुढं लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि १७०९ पासूनच्या आहेत. लष्करी छावणीतल्या सेंट मेरीजसारख्या चर्चमधल्या गोऱ्या शिपायांची लग्नं एका वहीत, तर पेठेतल्या मराठी ख्रिस्त्यांची कायद्यानं वेगळ्या वहीत.

त्या काळात हिंदू घरात लग्नाचा पुरावा म्हणजे मांडवात जेवून गेलेली माणसं, फार तर आहेराची यादी. भटजीशिवाय लागलेलं लग्न खरं मानायचं की नाही, यावर भांडणं होत. २५ डिसेंबर १८७३ ला सत्यशोधक समाजानं पहिलं लग्न लावलं ते पुरोहिताविना. फुल्यांच्या या समाजाला जी मान्यता झगडून मिळवावी लागली, ती ख्रिस्ती जोडप्याला वहीतल्या एका ओळीत मिळत होती. आणि त्या ओळीत वधूचं वय लिहावं लागे. देशी ख्रिस्त्यांच्या लग्नांसाठी याच कायद्यात वर सोळा आणि वधू तेरा पूर्ण, अशी अट होती. आज ती अट वाचवत नाही. पण १८९१ मध्ये संमतिवय दहाचं बारा करताना याच शहरात केवढा गदारोळ झाला, तो आठवावा.

वहीतलं उणंही सांगायला हवं. वधूवरांच्या बापांची नावं आहेत, आयांची नाहीत. इंग्लंडनं ही चूक दुरुस्त केली ती ४ मे २०२१ ला. आपल्याकडं तर सगळ्याच धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २००६ मध्ये सांगावं लागलं.

१९७० मध्ये नागपूरला उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली आणि पंचहौदचं चर्च तिच्यात आलं. नोंदींची पद्धत मात्र चालूच राहिली. महाराष्ट्रातल्या ज्या चर्चमधल्या जुन्या नोंदवह्यांच्या प्रती अजून निघाल्या नसतील, त्यांनी वाळवी आणि पावसाळ्याच्या आधी त्या काढून घ्याव्यात. आणि ज्यांच्या आजी-पणजीचं लग्न अशा चर्चमध्ये लागलं असेल, त्यांनी साल आणि नावं घेऊन तिथल्या पाळकांना एकदा भेटावं.