डिझेलमधील पाणी फिल्टर कसे वेगळे करतो?

ट्रॅक्टरच्या डिझेल फिल्टरकडे बहुतेक जण चाळणी म्हणून पाहतात. धूळ व गंज यांच्यापुरते ते खरे आहे. पाण्याचा थेंब मात्र मऊ असतो. दाब पडताच तो आकार बदलून छिद्रातून निसटतो. म्हणून पाणी वेगळे करणारा फिल्टर लहान थेंबांचे मोठे थेंब घडवितो.

थेंब तळाशी बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० मायक्रॉन व्यासाचा थेंब डिझेलमध्ये तासाभरात जेमतेम १ सेंटीमीटर उतरतो. १०० मायक्रॉनचा थेंब तेवढ्याच वेळात सुमारे १ मीटर. इंजिन चालू असताना पहिल्याला बसण्यास सवडच मिळत नाही.

धुक्याच्या सकाळी कोळ्याच्या जाळ्यावर जे घडते, तेच काचेच्या सूक्ष्म तंतूंच्या थरात घडते. प्रवाहातील थेंब तंतूंवर आदळून चिकटतात, शेजारच्या थेंबांत मिसळतात आणि जड झाल्यावर सुटून खालच्या वाटीत उतरतात. अनेक ट्रॅक्टरांत याऐवजी सिलिकॉनसारख्या जलरोधक द्रव्याचा संस्कार केलेला कागद असतो. तो डिझेलला वाट देतो, पाण्याला दर्शनी पृष्ठावरच थोपवितो. तेथे थेंब एकत्र येऊन ओघळतात. पंपातून जाताना थेंबांचा चुरा होतो, त्यामुळे हा विभाजक पंपाच्या अलीकडे असणे अधिक हितावह.

या रचनेचा खरा शत्रू म्हणजे थेंबांना एकत्र येऊ न देणारी द्रव्ये. बायोडिझेलचे मिश्रण आणि काही पूरक रसायने डिझेल व पाणी यांच्या सीमेवरील ताण घटवितात. थेंब बारीकच राहतात आणि इंधन दुधाळ दिसते.

कॉमन रेल इंजिनात हा प्रश्न अधिक महागात पडतो. तेथील इंजेक्टरच्या भागांमधील अंतर काही मायक्रॉनच असते आणि त्यांना वंगण डिझेलचेच मिळते. पाणी शिरले की वंगणाचा पापुद्रा तुटतो, गंज चढतो.

फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन वा हवा मारून पुन्हा बसविण्याची प्रथा म्हणूनच सोडावी. कागद फाटतो, त्यावरील संस्कारही बिघडू शकतो. कापडातून गाळलेल्या डिझेलमधील कचरा जातो, विखुरलेले पाणी राहते. टाकी सायंकाळी भरून ठेवल्यास रात्री आत दव धरत नाही.

वाटीतील पाणी सकाळी, ट्रॅक्टर हलविण्यापूर्वी काढावे. तळाचा स्क्रू सैल करून द्रव काचेच्या बाटलीत घ्यावा आणि स्वच्छ डिझेल येताच बंद करावा. नंतर हातपंपाने यंत्रणेतील हवा काढावी. काढलेला द्रव जमिनीवर वा विहिरीजवळ ओतू नये.