चाकाची खुर्ची घरी आणताना

घरातलं माणूस पक्षाघाताने किंवा अपघाताने अधू झालं, की चार जण सांगतात, "एक व्हीलचेअर घेऊन टाका." दुकानात दिसेल ती खुर्ची घरी येते आणि महिन्याभरात तिच्यावर कपडे वाळू लागतात! माप न घेता शिवलेलं पोलकं अंगाला बसत नाही, तसंच हे.

गंमत अशी, की चांगल्या खुर्च्या गरजवंतांनीच घडवल्या. १६५५ साली जर्मनीतल्या स्टेफान फार्फलर या अधू घड्याळजीने हाताने फिरवायची तीनचाकी स्वतःसाठी बनवली. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत, खाणीतल्या अपघाताने अपंग झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे इंजिनिअर मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी पोलादी नळ्यांची, फुलीसारखी मिटणारी खुर्ची तयार केली. आपल्या दवाखान्यांत दिसते ती घडीची खुर्ची याच घराण्यातली. दुसऱ्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांसाठी कॅनडात जॉर्ज क्लाइन यांनी विजेवर चालणारी खुर्ची सिद्ध केली. आणि २०२० मध्ये मद्रासच्या आयआयटीने बसणाऱ्याच्या मापाने बनणारी 'निओफ्लाय' आणली.

कोणती घ्यावी?

चारही चाकं लहान असलेली खुर्ची दुसऱ्याने ढकलायची. दवाखान्यापुरती ती ठीक. हातात बळ असेल तर मागे मोठी चाकं आणि त्यांना कडी असलेली घ्यावी, म्हणजे पाण्याच्या पेल्यासाठीही कुणाला हाक मारावी लागत नाही. न्हाणीघरासाठी भांडं बसवलेली वेगळी खुर्ची मिळते. गोंदियाकडच्या खेड्यांत, धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यांवर पुढची लहान चाकं पावसाळ्यात रुततात. तिथे बाजाराला जायला हाताने फिरवायची तीनचाकी सायकल बरी.

माप घ्या

बसल्यावर मांडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहावी. पाय लोंबकळू नयेत. गादी चांगली हवी, आणि दर अर्ध्या तासाने अंग थोडं उचलून बसायला सांगा; नाहीतर बसल्या जागी जखमा होतात, त्या लवकर भरत नाहीत. उठता-बसताना ब्रेक लावायला विसरू नका.

घराचंही माप घ्या बरं का! दार अडीच-पावणेतीन फूट रुंद हवं. ओसरीला उतार करताना दर इंच उंचीला एक फूट लांबी, हा हिशेब लक्षात ठेवा. पायरी सहा इंचांची असेल तर उतार सहा फुटांचा.

खर्च झेपत नसेल तर केंद्र सरकारची १९८१ पासूनची 'ॲडिप' योजना आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. शिबिरांतून साहित्य मिळतं. तिथेही मिळेल ती खुर्ची निमूट उचलू नका, बसवून पाहा.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मचरित्राचं नावच 'चाकाची खुर्ची' ठेवलं. अशाच खुर्चीत बसून त्यांनी शेकडो अपंगांसाठी संस्था उभी केली. तेव्हा खुर्ची निवडताना घरातल्या सगळ्यांचं मत घ्या, पण शेवटचा शब्द तिच्यात बसणाऱ्याचा असू द्या.