गाडीची स्प्रिंग आणि पाठीचा मणका

गेल्या उसाच्या हंगामातील गोष्ट आहे. दर गुरुवारी मी साताऱ्याहून सांगलीला रुग्ण तपासण्यासाठी जातो. तेथे आष्ट्याजवळच्या एका खेड्यातील सासष्ट वर्षांच्या मावशी पाठदुखीची तक्रार घेऊन आल्या. कोठे पडल्या नव्हत्या, ओझे उचलले नव्हते. मुलाच्या मोटारीत मागच्या सीटवर बसून लग्नाला निघाल्या होत्या. वाटेत एका गतिरोधकावर गाडी आदळली आणि पाठीतून कळ निघाली, एवढेच त्या सांगत होत्या. क्ष-किरण फोटोत पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने चेपलेला दिसला.

मुलाला विचारले, गाडीचा वेग किती होता? "चाळीसपण नव्हता, डॉक्टरसाहेब." खरे सांगायचे तर माझा विश्वास बसला नाही. तेव्हा मावशीच म्हणाल्या, "न्हाई वो, पोरगं बेतानंच चालवतं. गाडी लई देखणी केलीया त्यानं, पण तिच्यात बसवत न्हाई."

मी बाहेर येऊन गाडी पाहिली. नेहमीचीच छोटी मोटार, पण चाक आणि वरचे मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटेही शिरत नव्हती. मूळ स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर काढून मुलाने ‘कॉइलओव्हर’ नावाचा संच बसवून घेतला होता. मूळ सामान भंगारात गेले होते. आता दर पंधरा दिवसांनी आईला तपासणीला आणायचे ते याच गाडीतून. म्हणून आरोग्याच्या या सदरात आज थोडे गॅरेजात शिरावे लागत आहे.

वाचकहो, वाहनात दोन वस्तू दोन निरनिराळी कामे करतात. स्प्रिंग धक्का पोटात घेते, परंतु घेतलेला धक्का परत देण्याची तिची खोड असते. शॉकॲब्सॉर्बर म्हणजे तेलातून फिरणारा दट्ट्या. तो त्या उसळीला आवर घालतो. कॉइलओव्हर म्हणजे शॉकॲब्सॉर्बरच्या नळीभोवतीच बसविलेली गुंडाळी स्प्रिंग. फरक इतकाच की बाजारातील संचाच्या नळीवर आटे असतात. त्यामुळे गाडीची उंची कमीजास्त करता येते. चांगल्या संचात तेलाचा आवर कमीजास्त करण्याची चावीही असते. ही रचना वाईट मुळीच नाही. ती शर्यतीच्या गाडीसारखी बसवून पेठ नाक्याच्या रस्त्यावर आणली की वाईट.

आपले शरीर बसलेल्या स्थितीत सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी वरखाली हालचाल सर्वांत कमी सहन करते. या गतीला कमरेचे मणके आणि पोटातील अवयव त्या हालचालीशी सूर धरतात व धक्का वाढवून घेतात. मऊ स्प्रिंगेवरची गाडी सेकंदाला सव्वा ते दीड वेळा डुलते. ही डुलणी पाळण्यासारखी असून शरीराला मानवते. मी हिशेब करून पाहिला. एका चाकावर अडीचशे किलो भार आणि मिलिमीटरला दोन किलोची स्प्रिंग धरली तर सेकंदाला सुमारे १.४ डोलणी येतात. तीच स्प्रिंग सहा किलोची केली तर जवळजवळ अडीच. स्प्रिंग जितकी कडक, तितकी रस्त्यावरची बारीक थरथर न गाळता सीटपर्यंत येते.

मावशींचा मणका मात्र या थरथरीने दबला नाही. गाडी खाली बसविली की चाकाला वर जाण्यासाठी जागा उरत नाही. शॉकॲब्सॉर्बरच्या दांडीवर एक रबरी ठोकळा असतो. गतिरोधकावर चाक वर आले, जागा संपली आणि दांडी त्या ठोकळ्यावर आपटली, की त्या क्षणी गाडीला स्प्रिंग नाही असेच समजावे. मागे बसणारा माणूस मागच्या आसाच्या जवळजवळ वर बसलेला असतो; सीटवरून उचलला जातो आणि बसल्या जागी आपटतो. पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या, हाडे विरळ झालेल्या स्त्रीला तेवढे पुरते. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून असाच मणका दबलेले रुग्णही मी पाहिले आहेत.

गतिरोधकांविषयीही बोलले पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे तो ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता येतो. आपल्याकडे रातोरात घातलेले, हातभर रुंदीचे, पट्टे नसलेले उंचवटे पाहिले म्हणजे हा नियम कोणासाठी आहे असा प्रश्न पडतो. त्यावर ऊसवाहू ट्रॅक्टरनी आणलेला चिखल वाळला की तो उंचवटा दिसतही नाही.

पुढच्या रविवारी मुलगा आणि मी कऱ्हाडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी पाहिली, समोरचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि म्हणाले, "ही गाडी न्हाई, पाट हाय." ते जे करत गेले ते मी कागदावर लिहून घेतले.

पहिली गोष्ट उंचीची. गाडी रिकामी नव्हे, तर रोजच्याइतकी माणसे बसवून उंची लावायची. आम्ही गाडी सुमारे तीस मिलिमीटर वर घेतली. दांडी ठोकळ्याला टेकेपर्यंत किती जागा उरते हे त्यांनी दांडीवर प्लॅस्टिकची पट्टी बांधून पाहिले. एक फेरी मारून आल्यावर पट्टी कोठवर सरकली आहे, यावरून दांडी ठोकळ्यावर जाते की नाही ते कळते. लहान गाड्यांत मागे स्प्रिंग एकीकडे आणि शॉकॲब्सॉर्बर दुसरीकडे असे पुष्कळदा असते. तेथे उंचीचा तुकडा वेगळा असतो, तोही बघावा लागतो. मागच्या सीटवरच्या माणसाचे सुख तिथे ठरते.

येथे एक गैरसमज सांगतो, कारण तो मलाही होता. स्प्रिंगेवरची चकती आवळली की स्प्रिंग कडक होते, असे सर्वजण समजतात. साधी एकसारखी स्प्रिंग आवळल्याने कडक होत नाही. गाडी फक्त उंच होते. मात्र अति आवळली तर चाकाला खाली लोंबायला जागा राहत नाही. मग खड्डा आला की चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी गाडीलाच खाली खेचते. म्हणजे वर जायला जागा हवी तशी खाली यायलाही हवी. स्प्रिंग खरोखरच कडक असेल तर ती बदलण्यावाचून इलाज नाही. आम्ही पुढच्या सहा किलोच्या स्प्रिंगा काढून चार किलोच्या घातल्या, आणि मागेही मऊ जोड घातला. खर्च झाला, पण रुग्णालयापेक्षा कमी.

दुसरी गोष्ट तेलाच्या आवराची. चावी हलक्या हाताने पूर्ण बंद करायची आणि तेथून उलट फिरवत क्लिक मोजायचे. सर्वांत मऊ बाजूकडून सुरुवात करून एका वेळी दोनच क्लिक कमीजास्त करायचे, एका आसावर दोन्ही बाजूंना सारखे. नंतर तोच रस्ता, तोच वेग, टायरमध्ये तीच हवा. उंचवटा ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर आवर कमी आहे, दोन क्लिक वाढवा. उलट ओळीने लहान खड्डे असताना गाडी क्रमाक्रमाने खाली बसत जाऊन अधिकाधिक आदळू लागली, तर आवर जास्त आहे; स्प्रिंगेला परत उघडायला वेळच मिळत नाही. या दुसऱ्या दोषालाच लोक कडक स्प्रिंग समजतात. त्या मुलाच्या गाडीत सर्व चाव्या पूर्ण बंद होत्या. बसविणाऱ्याने "घट्ट बरी" म्हणून सोडल्या होत्या.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही. खालच्या आर्मचे रबरी बुश आवळताना गाडी जॅकवर लोंबती नको, चाकांवर उभी हवी. लोंबती असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि गाडी कडक वाटते. टायरची हवा दाराच्या चौकटीवरील पट्टीप्रमाणे, गाडी थंड असताना भरावी. मऊपणासाठी हवा कमी ठेवू नये. उंची बदलली की व्हील अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत पुन्हा तपासून घ्यावा.

मोटार नसलेल्या वाचकांनी हा लेख सोडू नये. आपल्या मोटारसायकलचा मागचा शॉकॲब्सॉर्बर हाही कॉइलओव्हरच आहे. त्याच्या तळाशी पायऱ्या पाडलेली चकती असते. एकट्यासाठी खालची पायरी, मागे माणूस व पोते असेल तर वरची. गाडी घेतल्या दिवसापासून ती चकती फिरवलीच नाही, असे दहापैकी नऊ जण मला सांगतात. चालक बसल्यावर मागची बाजू एकूण हालचालीच्या पाव ते तिसरा हिस्सा खाली बसावी, हा ठोकताळा.

असे बदल करण्यापूर्वी आर.टी.ओ. कचेरीत विचारून घ्यावे, मग गाडी एमएच-१० असो, ११ असो वा ५०. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत, आणि अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालण्यापेक्षा आधी विचारणे बरे.

मावशींना कमरपट्टा, विश्रांती आणि हाडांची औषधे दिली. तीन महिन्यांनी त्या स्वतःच्या पायांनी जिना चढून आल्या. आता त्या पुढच्या सीटवर बसतात. साठीपुढील स्त्रिया आणि मणक्याचा विकार असलेले यांनीही तसेच करावे. बसमध्ये दोन्ही आसांच्या मधले बाक धरावे.

धक्का बसल्यावर पाठ दुखू लागली आणि चार दिवसांत उतार नाही, तर फोटो काढून घ्यावा. वयस्कर माणसाने तर पहिल्याच दिवशी. कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा शक्ती कमी वाटत असेल, तर थांबू नये. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे. आणि जाताना रुग्णाला शक्य तर आडवे ठेवून, गाडी हळू चालवून न्यावे.