न्यायाधीशांनाच पकडून आणा!

विद्यार्थी मित्रांनो, कायदे करणारे आणि न्याय देणारे यांचं भांडण कुठवर जातं बघा. १९६४ साली उत्तर प्रदेश विधानसभेने अवमानाबद्दल गोरखपूरच्या केशव सिंह यांना ७ दिवसांची कैद दिली. मूळ कारण काय, तर एका आमदाराविरुद्धचं पत्रक. उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठातील दोन न्यायाधीशांनी त्यांना जामीन दिला. झालं! या दोघांनाही ताब्यात घेऊन सभागृहापुढे आणा, असा ठराव झाला. मग अलाहाबादला २८ न्यायाधीश एकत्र बसले आणि ठरावाला स्थगिती मिळाली. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. सरन्यायाधीश होते आपले गजेंद्रगडकर. कलम २११ नुसार न्यायाधीशाच्या कामाची विधानसभेत साधी चर्चाही करता येत नाही, मग अटक कशी? मत ६ विरुद्ध १ असं न्यायाधीशांच्या बाजूने पडलं. केशव सिंहांची याचिका मात्र १९६५ मध्ये फेटाळली गेली.